बेरीज

“आजी, आज बेरीजचा दिवस करायचा!” चिऊनं सकाळी सात वाजता, तोंडात ब्रश धरून जाहीर केलं. घरातली दोन्ही म्हातारी माणसं एकदम खूश झाली आणि दोघंही चुकीच्या कारणानं.

ह्यांनी चौतीस वर्षं हायस्कुलात गणित आणि शास्त्र शिकवलंय. ऐन मे महिन्याच्या सुट्टीत आठ वर्षांची नात आपण होऊन बेरीज मागते आहे, हे ऐकून त्यांचा गळाच दाटून आला. पेपरची घडी घालत त्यांनी विचारलं, “हातच्याची की बिनहातच्याची?”

मी गॅसपाशी उभी होते. आठवड्याच्या सायीचं लोणी कढत होतं. तडतड थांबत आलेली, वर पांढरा फेस आणि तळाला बेरी तांबूस होऊ लागलेली. मला वाटलं, पोरीला त्या वासानंच जाग आली. पुण्यात बाराव्या मजल्यावर तूप बरणीतून येतं. बेरी कुठली बघायला मिळतेय बिचारीला! शेवटचा ‘ज’ टूथपेस्टच्या फेसाचा असणार असं धरून मी म्हटलं, “थांब हं, तूप गाळलं की भांडं तुलाच देते. साखर घालून खा.”

चिऊ चूळ भरून आली. “बेरी नाही गं, बेरीज! म्हणजे खूप बेरी.”

“खूप कुठली? एवढ्या लोण्याची दोन चमचे झाली तर झाली.”

“बेरजेनं वाढतंच,” हे म्हणाले. ते पाटी शोधत होते.

शेवटी तिनं बॅगेतून गोष्टीचं पुस्तक काढलं आणि आमच्यामध्ये उघडून धरलं. एक सोनेरी केसांची मुलगी. पांढरा फ्रॉक, हातात परडी. सकाळी उठून ती बागेत बेरी तोडायला जाते. झुडपं बरोबर तिच्या कमरेइतकी, काटा एकालाही नाही. मग आई त्या फळांचा पाय करते. (“पाय म्हणजे बावीस सप्तमांश,” हे आशेनं म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.) तो पाय खिडकीच्या कट्ट्यावर निवत ठेवतात, सगळे टेकडीवर चालून येतात आणि चहाबरोबर तो खातात. संपला दिवस.

मी सगळी चित्रं नीट पाहिली. एकातही कुणी भांडी घासत नव्हतं. खिडकीला गज नव्हते आणि तरी तो पदार्थ संध्याकाळपर्यंत तिथंच होता. म्हणजे त्या गावात कावळा नाही, वानर नाही. मांजर होतं, पण झोपलेलं. शेवटच्या पानावर आजी होती. भर उन्हाळ्यात गुडघ्यांवर पांघरूण घेऊन लोकरीचं काहीतरी विणत बसलेली. तिथं मात्र त्या पुस्तकावरचा माझा विश्वास उडाला.

“एकदम साधा दिवस,” चिऊ म्हणाली. “काहीच करायचं नाही. फक्त बेरीज, बेकिंग आणि वॉक.”

साधं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. “साधंच करा हो, वरणभात” असं फोनवर सांगणाऱ्या पाहुण्यांसाठी मी पहाटे पाचला उठून नारळ खवले आहेत. ‘साध्या पद्धतीनं’ लग्न करायचं ठरवलेल्या दोन घरांमधली भांडणंही मी पाहिली आहेत. थाटामाटाच्या लग्नात माणसांना तेवढं भांडायला सवडच नसते. पण नात वर्षातून पंधरा दिवस येते. मी म्हटलं, “चला.”

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी. परसदार म्हणजे उतारावर उरलेली जागा. तिच्यात एक तुतीचं झाड, एक पपई, कढीपत्ता, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, आणि मागच्या बाजूला कुंपण म्हणून करवंदाची जाळी. जाळी आम्ही लावलेली नाही. ती डोंगरावरून खाली आली आणि राहिली. तिला काढायला आलेले दोन गडी अर्ध्या दिवसाची मजुरी टाकून निघून गेले, तेव्हापासून ती कुंपण आहे.

चिऊनं पुस्तकातल्यासारखा पांढरा फ्रॉक घातला आणि देवाच्या फुलांची परडी घेतली. मी जुना, रंगीत फ्रॉक घाल म्हणून सांगून पाहिलं. “चित्रात पांढराच आहे,” असं उत्तर आलं.

तुतीखाली पोचतो तोच हे मागून आले. हातात पाटी नव्हती, पण चेहऱ्यावर तास सुरू झाला होता.

“आधी एक स्पष्ट करू. तुती ही बेरी नव्हे.”

“इंग्लिशमध्ये मलबेरी आहे,” चिऊ म्हणाली.

“इंग्लिशमध्ये काहीही असू दे. ही एक एक गोटी दिसतेय ना, ते एकेका स्वतंत्र फुलाचं फळ. चाळीतल्या खोल्यांसारखी सगळी एकत्र चिकटली, म्हणून आपल्याला एक तुती दिसते. बेरी म्हणजे एका फुलाच्या एका बीजांडकोशापासून झालेलं, आतून सगळं मांसल असलेलं फळ.”

“मग स्ट्रॉबेरी? महाबळेश्वर इथून जवळ आहे ना?”

“जवळ आहे, पण मोसम सरला. आणि स्ट्रॉबेरी तर नव्हेच नव्हे! महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हणून काही ती बेरी झाली नाही. आपण खातो तो फुलाच्या देठाकडचा फुगलेला भाग. खरी फळं म्हणजे वर जे बारीक दाणे दिसतात ते. आपण त्यांना बिया समजतो.”

चिऊचा चेहरा उतरला. पुस्तकात असं काही नव्हतं. “मग बेरी आहे तरी काय?”

याच प्रश्नाची ते वाट बघत होते. लगबगीनं आत गेले आणि फ्रिजमधून काढून एकेक वस्तू त्यांनी त्या परडीत मांडली. एक टोमॅटो. दोन हिरव्या मिरच्या. एक केळं. शेवटी, अगदी समारंभानं, एक वांगं.

“या सगळ्या शास्त्राप्रमाणे बेरी. पपई पण. काल रात्री आजीनं भरली वांगी केली होती, तूच खाल्ली नाहीस.”

पोरीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. सोनेरी केसांच्या त्या मुलीनं परडीतून वांगं घरी आणलं असतं तर ते पुस्तक छापलंच गेलं नसतं.

“आणि करवंद?” मी मध्ये पडले.

हे थांबले. मान तिरकी करून विचार केला. “करवंद बेरी आहे,” त्यांनी निकाल दिला. “शंभर टक्के.”

तेव्हा कुठं दिवस वाचला.

करवंद तोडणं हे चित्रात काढता येण्यासारखं काम नाही. फळ आतल्या बाजूला, बाहेर काटे, आणि काट्याला पुन्हा दुसरा फाटा. हात घालताना एक चुकवला तर काढताना दुसरा धरतो. देठ तुटला की पांढरा चीक टपकन येतो. तो बोटांना लागला की बोटं चिकटतात, ओठाला लागला की ओठ. आमच्या लहानपणी मे महिन्यातल्या दुपारी घराघरात जी शांतता असायची, तिचं श्रेय मोठी माणसं वाळ्याच्या पडद्यांना द्यायची. खरं म्हणजे पोरांची तोंडं करवंदाच्या चिकानं बंद झालेली असायची.

तुतीचं निराळंच. बहर सरत आला होता. हाताच्या उंचीवरची फळं गल्लीतल्या पोरांनी कधीच संपवली होती आणि शेंड्यावरची बुलबुलांच्या ताब्यात होती. ह्यांनी काठीनं फांदी वाकवली, चिऊनं खाली फ्रॉकचा ओचा धरला. फांदी सुटली. पाऊण तासाच्या मेहनतीनंतरचा हिशेब असा: तुती एकोणीस, करवंदं एक ओंजळ, ओरखडे सात, फ्रॉक एक. तो पांढरा होता.

पिकल्या तुतीचा डाग कच्ची तुती चोळली की जातो, हे मला आईनं शिकवलेलं. मी दोन हिरव्या तुती ठेचून चोळल्या. बोटांवरचे डाग खरंच गेले. फ्रॉकवरच्या जांभळ्याला मात्र हिरवट कड आली. आई बोटांबद्दलच बोलत असणार.

एवढ्यात रस्त्यावरून हाक आली, “करवंदंऽऽ, डोंगराची मैनाऽऽ!” यवतेश्वराकडून उतरणाऱ्या मावशी. डोक्यावर पाटी, पाटीत पळसाच्या पानांचे द्रोण रचलेले, वरून ओलं फडकं. द्रोणाला वीस रुपये.

“वीस? अहो, आमच्या कुंपणालाच आहेत की,” हे म्हणाले.

मावशींनी त्यांच्या दंडावरचे ओरखडे पाहिले. आमच्या परडीत पाहिलं. त्यात अजून वांगं होतं.

“मग काढा की, गुरुजी,” त्या म्हणाल्या आणि पाटी पुन्हा डोक्यावर घ्यायला लागल्या. आम्ही दोन द्रोण घेतले. घासाघीस न करता. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण ह्यांना असं गप्प झालेलं मी दुसऱ्यांदा पाहिलं. पहिली वेळ इथं सांगण्यासारखी नाही.

मग ओट्यावर बसून मी चिऊला खरा खेळ शिकवला. करवंद चिमटीत धरायचं, समोरच्याला विचारायचं, “कोंबडा की कोंबडी?” त्यानं काय ते सांगायचं आणि मग करवंद दातांनी अर्धं तोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हरेल त्याचं करवंद जिंकणाऱ्याला. याला ना बॅटरी लागते ना मैदान, आणि पंच म्हणून फळ स्वतःच असतं. चिऊ पहिल्यांदा म्हणाली, “कोंबडा कसा काय फळात येईल?” तिसऱ्या करवंदाला ती ओरडत होती. सातव्या करवंदाला ह्यांनी वहीत दोन रकाने आखले आणि बाहेरच्या रंगावरून आतला कोंबडा ओळखता येतो का, याच्या नोंदी सुरू केल्या. तेरा वेळा ते चुकले. नोंदी करायच्या राहिल्या आणि हेही ओरडायला लागले.

अर्धा द्रोण असा खेळात संपला. उरलेल्याचं बेकिंग.

पाय वगैरे मला येत नाही. मी म्हटलं, नानकटाई करू. तिच्यावर तुझी बेरी बसवू. घरचं तूप होतंच. पण नानकटाईला तूप लोण्यासारखं थिजलेलं लागतं. सकाळी कढवलेलं तूप साताऱ्यात मे महिन्यात ३९ अंशांत थिजावं अशी अपेक्षा करणं म्हणजे सरबतानं उभं राहावं म्हणण्यासारखं. तुपाचं पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवलं. चिऊ दर दोन मिनिटांनी बोट घालून बघत होती. त्यामुळं थिजायला वेळ लागला, तूप कमीही झालं.

पुढचं काम मला आवडतं. पितळी परात घ्यायची, मधोमध ते तूप, आणि तळव्यानं गोल गोल फेटायचं. आधी पिवळं, दाणेदार, हाताला गार लागतं. मग दाणा मोडतो. मग रंग उतरत जातो आणि एका क्षणी हाताखालचं तूप पांढरं, हलकं होऊन जातं. पिठीसाखर घातली की करकर वाजतं, तेही पाच मिनिटांत गप्प होतं. झालं की नाही हे बघायला आई वाटीभर पाण्यात तुपाचा ठिपका टाकायची. तरंगला की झालं. मी ठिपका टाकला. तरंगला.

“न फेटलेलं टाक,” हे म्हणाले.

“कशाला?”

“टाक तर.”

टाकलं. तेही तरंगलं. तुपाची घनता पाण्यापेक्षा कमी असते, त्यामुळे ते काहीही केलं तरी तरंगणारच, हे त्यांनी मला लग्नानंतर चाळीस वर्षांनी सांगितलं. म्हणजे चाळीस दिवाळ्या त्यांना हे माहीत होतं. मैदा, थोडा रवा, वेलची घालून मी गोळा जरा जोरातच मळला.

आता ओव्हन. आमच्याकडे गोल, अ‍ॅल्युमिनियमचा, विजेवरचा ओव्हन आहे, १९८४ साली आहेरात आलेला. झाकणाला मधोमध बांगडीएवढी काच आहे, आत काय चाललंय ते बघायला. त्या काचेतून आजवर आम्हाला फक्त आमचेच चेहरे दिसलेले आहेत. माळ्यावरून काढला, आतले जुने पेपर काढले, त्यातला एक ह्यांनी उभ्या उभ्या वाचून काढला. वायर लावली, बटण दाबलं. ‘फट्’ असा आवाज आला, पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली.

फ्यूज उडाला होता. हे स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं, चिऊनं टॉर्च धरली. तार नव्हती. तार आणायला हे दुकानात गेले. ते येईपर्यंत परातीतला गोळा घामेजायला लागला. तेवढ्यात शेजारच्या वहिनी “तुमच्याकडं पण गेली का?” म्हणून आल्या. त्यांच्याकडे गेली नव्हती, पण चौकशी केली नाही तर शेजार कसला? चिऊनं पुस्तक पुन्हा उघडलं आणि बारकाईनं बघत म्हणाली, “आजी, हिच्या घरी ओव्हनला वायरच नाहीये.”

तेव्हा मला भट्टी आठवली.

माझ्या माहेरी ओव्हन नव्हता, कुणाकडेच नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत नाहीतर दिवाळीच्या आधी रवा, मैदा, साखर, तूप असं सगळं पिशव्यांतून घेऊन बेकरीत जायचं. पहाटेचे पाव निघाले की भट्टी मंदावते, आणि त्या उरलेल्या धगीवर लोकांची नानकटाई व्हायची. बेकरीवाला पत्रे द्यायचा. त्यावर गोळे मांडायचे, कोपऱ्यात नावाची चिठ्ठी. पण आईचा चिठ्ठीवर विश्वास नव्हता. आपली साजूक तुपातली नानकटाई जाऊन दुसऱ्या कुणाची डालड्यातली आपल्या डब्यात येते, अशी समस्त बायकांची खात्री होती. त्यामुळे चार चार तास त्या भट्टीच्या तोंडाशी पदरानं वारा घेत बसायच्या, आपल्या पत्र्यावर नजर ठेवून. आई प्रत्येक नानकटाईवर अंगठा दाबायची. तिचा तो ठसा म्हणजे सही. बाकीच्याही दाबायच्या, म्हणून मग आई अंगठा जरा तिरका दाबायला लागली. घरी आल्यावर पहिली नानकटाई खाताना ती न चुकता म्हणायची, “ही आपली नव्हे.”

तर मी परात फडक्यानं झाकली, ह्यांच्या स्कूटरवर मागे बसले, मध्ये चिऊ. बेकरीतले चाचा पाव काढून निवांत झाले होते. पूर्वीची गर्दी आता नाही. घरोघरी ओव्हन आले, आणि तेही बिनवायरचे नसले तरी फ्यूज न उडवणारे. चाचांनी पत्रा पुढं केला. चिऊनं गोळे मांडले आणि एकेकावर करवंद दाबून बसवलं. अठरा नानकटाया, पंधरा काळीभोर करवंदं. मधल्या तीनवर तुती.

“हे काय आहे?” चाचांनी विचारलं. नानकटाई सुरतेच्या डच वखारीतल्या भट्ट्यांपासून सुरू झाली असं सांगतात. तेव्हापासून चाचांच्या पत्र्यापर्यंत तिच्यावर कुणी करवंद बसवलं नसावं.

“बेरी,” चिऊ म्हणाली.

“बेरी,” ह्यांनी दुजोरा दिला. “मधल्या तीन सोडून.”

चाचांनी लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर पत्रा घेतला आणि आत सरकवला. “सहानंतर न्या.”

आता राहिलं ते चालणं. नुसतं चालायचं, असं ठरलं होतं. साडेपाचला मी दाराला कडी घातली आणि वळून बघितलं तर ह्यांच्या हातात दोन पिशव्या. एकीत गव्हाचं दळण. दुसरीत माझी अंगठा तुटलेली चप्पल.

“जातोच आहोत तर,” ते म्हणाले.

‘जातोच आहोत तर’ या तीन शब्दांमुळे आपल्याकडे अजून कुणीही नुसतं चाललेलं नाही. देवदर्शनाला निघालो तरी वाटेत कोथिंबीर असते. माणूस रिकाम्या हातानं रस्त्यावर दिसला तर लोकांना काळजी वाटते. राजपथावर पहिल्या शंभर पावलांत तिघांनी विचारलं, “काय, कुठं?” मी म्हटलं, “कुठं नाही, सहज.” पहिल्यांनी दळणाच्या पिशवीकडे पाहिलं आणि मी काहीतरी लपवते आहे अशी मान हलवली. दुसऱ्यांनी हळूच विचारलं, “दवाखान्यात का?” तिसऱ्यांना हे आपण होऊन म्हणाले, “गिरणीत,” आणि त्या गृहस्थांचा जीव भांड्यात पडला.

“आजी, सगळे का विचारतात?”

“नाही विचारलं तर आपल्याला राग येतो म्हणून.”

गिरणीत दळण टाकलं, मोती चौकाकडे चप्पल टाकली, आणि किल्ल्याकडचा चार भिंतींचा चढ धरला. चढ छातीवर येतो. ह्यांचं पैशाचं पाकीट मांडीला टोचत होतं, म्हणून त्यांनी ते चिऊच्या झोळीत टाकलं. दर दहा पावलांना चिऊ बसायची. प्रत्येक वेळी हे तिला सांगायचे की १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब या किल्ल्याखाली येऊन बसला आणि १७०० चा एप्रिल उजाडेपर्यंत त्याला किल्ला मिळाला नाही. पाचव्या बैठकीला चिऊ म्हणाली, “तो पण वॉकला आला होता?”

“नाही, फौज घेऊन.”

“मग एवढे दिवस तो खात काय होता?”

ह्यांना उत्तर येईना. मी म्हटलं, एप्रिलात सुटला म्हणजे करवंदं थोडक्यात हुकली.

वर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खाली सगळं गाव, पत्रे आणि कौलं आणि पाण्याच्या टाक्या. पलीकडे यवतेश्वराचा डोंगर काळसर होत चाललेला. वारा सुटला. भिंतीला पाठ टेकून आम्ही तिघं बसलो. उतारावरच्या जाळ्यांतून दोन-तीन पोरं करवंदं तोडत होती, त्यांचं “कोंबडा! कोंबडा!” अधूनमधून वर यायचं. चिऊनं पाय पसरले. तिच्या फ्रॉकवर तुती, चीक, तूप, भट्टीची काजळी आणि किल्ल्याची माती असं सगळं होतं. मूळ रंग कॉलरच्या आत तेवढा उरला होता. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. ह्यांनीसुद्धा कसलं शास्त्रीय नाव सांगितलं नाही.

मग ते ताडकन उठले. “दळण! गिरणी सातला बंद होते.”

उतरताना चिऊ मागे रेंगाळली. द्रोण घेऊन बसलेल्या एका मुलीशी तिचं काहीतरी बोलणं चाललं होतं. हाक मारल्यावर पळत आली, एक हात पाठीमागे. दळणाच्या घाईत मी लक्ष दिलं नाही.

चप्पल घेतली, दळण घेतलं, गरम गरम, पिशवीतून पाठीला चटका देणारं. बेकरीत तीन-चार जणांचे पत्रे ओळीनं निवत होते. आमचा शोधावा लागला नाही. करवंदं भाजून सुरकुतली होती, त्यांचा लाल रस फुटून नानकटाईवरून ओघळला होता. अठरा डोळे आल्यासारखे दिसत होते. शेजारच्या पत्र्याची मालकीण आपला पत्रा जरा लांब सरकवून उभी होती. आईला सगळ्या हयातीत जो उपाय सापडला नाही तो तिच्या पणतीला पहिल्याच दिवशी सापडला. कुणीही बदलून नेणार नाही अशी नानकटाई करायची.

चव? नानकटाई खुसखुशीत होती. फेटलेल्या तुपाची होती, तरंगणाऱ्या नव्हे. करवंद तोंडात आलं की आंबटानं एक डोळा मिटायचा. चिऊनं हट्टानं चार खिडकीत निवत ठेवल्या. त्या भट्टीतच निवल्या होत्या, पण चित्र म्हणजे चित्र. उजेड होता तोवर गजांतून कावळ्यानं एक ओढली. नानकटाई खाल्ली, करवंद कट्ट्यावर ठेवून गेला. वहिनींचं पातेलं महिन्यापासून आमच्याकडं होतं. रिकामं कसं द्यायचं, म्हणून राहिलं होतं. त्यात पाच घालून पाठवल्या. वहिनींनी दारातूनच विचारलं, “हे काय नवीन?” मी म्हटलं, बेरीची आहे. त्यांना वाटलं तुपाची बेरी. त्या खूश झाल्या, मीही जास्त खोलात शिरले नाही.

रात्री हे डायरी घेऊन बसले. रोजचा खर्च लिहिल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. “करवंदं चाळीस,” ते मोठ्यानं म्हणत होते. “तार पंधरा. भट्टी सत्तर. दळण पस्तीस. चप्पल तीस. एकूण १९०.” पाकिटातल्या नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. “अगं, पाकिटातून दोनशे दहा गेलेत.” चष्मा पुसून पुन्हा वरपासून खाली.

चिऊ मांडी घालून ओट्यापाशी बसली होती. सकाळचं लोणी कढवलेलं पातेलं मी तिच्यासाठी तसंच ठेवलं होतं. ते मांडीत घेऊन चमच्यानं तळाची बेरी खरवडत होती, खरवडून साखरेत बुडवत होती. जीभ जांभळी, ओठ चिकाळलेले, डोळे अर्धे मिटलेले.

“बेरीज चुकतेय,” हे म्हणाले. “वीस कमी पडतायत.”

“कमी पडतायत?” चिऊनं चमचा न सोडता दुसऱ्या हातानं आपला खाऊचा डबा त्यांच्याकडे सरकवला. “मग यातल्या घ्या ना आजोबा, अजून आहेत.”

ह्यांनी झाकण उघडलं. आत पळसाच्या पानांचा एक द्रोण होता, काठोकाठ भरलेला.